चहाआधीचा गोंद

८ जानेवारी

वन्सं,

तुमचा डबा पोचला. डबा कसला, बादलीच! पोस्टमनने जिना चढता चढता तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असणार, कारण वर पोचला तेव्हा दमलेला नव्हता, चांगला मोकळा दिसत होता. गॅलरीची भिंत पाझरते असं मी आपलं बोलण्याच्या ओघात लिहिलं, तर नणंदबाईंनी कारखानाच पाठवून दिला. नणंद गोंदाच्या कारखान्यात केमिस्ट असली की असंच व्हायचं म्हणा.

आधी चांगली बातमी. दंत-रुग्णालयाचं पत्र आलं. कवळ्यांच्या विभागाची प्रमुख! मी! इतकी वर्षं डॉक्टरांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसून मी लोकांचे दात घडवले आणि पुढच्या खोलीत डॉक्टरांनी आभार स्वीकारले. आता माझ्या हाताखाली माणसं, मला टेबल, टेबलाला खण. १ फेब्रुवारीला हजर व्हायचंय. गाव लांब आहे, पण राहायला दोन खोल्या देतायत. तुमचे दादा म्हणाले, "जाऊ की सगळेच. पाण्याचे मीटर वाचायचे, ते काय तिकडेही असतात. बदली मागतो. मी कुठे नाही म्हणतो?" आणि बाबा तर माझ्याआधी तयार. शिलाई मशीनला तेल घातलं, चादरीत बांधलं आणि दाराशी नेऊन ठेवलं.

आता वाईट बातमी. बाबा खुर्चीला चिकटले.

हसू नका. आपल्या घरचा नियम तुम्हाला काय सांगायचा? पहिला चहा होईपर्यंत कोणी कोणाशी एक शब्द बोलायचा नाही. बाबांनी दुकान चालवत असताना घातलेला. सकाळी आधी जीभ चालली की दिवसभर कात्री वाकडी चालते म्हणे. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या सकाळी मला वाटलं, घरात कोणी गेलंय.

तर परवा तुमच्या दादांच्या मनात आलं की बाबांच्या खुर्चीची बसकण सुटलीय, प्रवासात खिळखिळी होईल, चिकटवून टाकू. भल्या पहाटे उठून त्यांनी तुमचा गोंद खुर्चीवर थापला. लावला म्हणत नाही मी. थापला. तेवढ्यात बाबा आंघोळ करून आले, अंगात स्वतः शिवलेली ती लोकरी पँट, आणि सवयीने खुर्चीकडे वळले. यांनी पाहिलं. हात वर केला. तोंड उघडलं. आणि मिटलं! कारण चहा अजून गॅसवर होता.

मी कप घेऊन आले. बाबांनी सावकाश चहा घेतला, यांनी घेतला, कप खाली ठेवला आणि मग म्हणाले, "बाबा, तिथं ओलं आहे."

तोवर ओलं राहिलं नव्हतं. आणि गोंद पायांवरून ओघळून फरशीपर्यंत गेल्यामुळे आता बाबा खुर्चीला आणि खुर्ची जमिनीला. पँट कापू म्हटलं, तर म्हणाले, "आयुष्यभर कात्री धरली ती शिवण्यासाठी. माझी पँट माझ्या डोळ्यांदेखत कापणार?" बरं, उतरवा म्हटलं, तर म्हणाले, "सुनेसमोर?" अहो, मी शेजाऱ्यांकडे जाऊन बसायला तयार आहे! ऐकतील तर शपथ.

लवकर उपाय कळवा.

तुमची वहिनी

---

१३ जानेवारी

वहिनी,

मी हसले नाही. म्हणजे पहिल्या पानावर हसले, कारण ते अभिनंदनाचं हसू होतं. दुसऱ्या पानावर मी प्रयोगशाळेतून बाहेर गेले.

तुझं किती कौतुक वाटलं म्हणून सांगू! बाबांच्या तोंडात आहेत ते दात तू केलेस, तेव्हापासून मी म्हणतेय, तू त्या मागच्या खोलीत नको बसूस. आता जायचं म्हणजे जायचं.

गोंदाविषयी ऐक. डब्यात ते दुधासारखं दिसतं, पण ते आहे पाण्यात तरंगणारे अगदी बारीक कण. पाणी उडून गेलं की कण एकमेकांत मिसळून जातात आणि त्याचा पापुद्रा होतो, काचेसारखा आरपार दिसणारा. ओला असेपर्यंत पाण्याने धुऊन जातो. सुकला की पाण्याने काही होत नाही, म्हणून तर मी तो भिंतीसाठी पाठवला. कापड, लाकूड, कागद, सिमेंट, ज्याच्यात म्हणून बारीक छिद्रं आहेत त्या प्रत्येकाला धरतो. गालिच्याची पाठ, पुस्तकाचा कणा, खोक्याचं तोंड, फरशीखालचा थर, भिंतीचा रंग, सगळीकडे हाच. तुम्ही नेमकं लाकूड, कापड आणि फरशी निवडलीत. माझ्या साहेबांनीसुद्धा याहून चांगली परीक्षा घेतली नसती.

आणि तो कडक होईल, तडकेल, अशी वाट पाहू नकोस. इतर गोंदांना मऊ ठेवायला वरून तेलकट काहीतरी घालतात, ते हळूहळू निघून जातं आणि गोंद तडकतो. आमच्याकडे दोन पदार्थ एकत्र गुंफतात, एक चिकटवून धरणारा आणि एक वाकू देणारा. मऊपणा आतूनच असतो, त्यामुळे तो जात नाही. त्यातून तुम्हाला पाठवलेली खेप साहेबांनी नापास केलेली. माझ्या हातून वाकू देणारा जरा जास्त पडला. "हा गोंद आहे की रबर?" असं चारचौघांत ओरडले. टाकून देण्यापेक्षा घरी पाठवावा म्हटलं.

उपाय सोपा आहे. त्याला उष्णता सहन होत नाही. इस्त्री मध्यम तापव, मधे ओलं फडकं धर, कडेपासून फिरव. मऊ झाला की सोलत जायचं. दादाला सांग, पाच मिनिटांचं काम आहे. शिंप्याच्या घरात इस्त्रीला काय तोटा?

तुझी,
नापास खेपेची आई

---

२१ जानेवारी

वन्सं,

शिंप्याच्या घरात इस्त्रीला तोटा नाही, शिंप्याला अक्कल सुचायला तोटा आहे. बाबा म्हणाले, "पँट अंगात असताना तिच्यावर इस्त्री फिरवणारा माणूस मी अजून पाहिला नाही आणि पाहायचाही नाही." मग तुमचे दादा मधे पडले. मला म्हणाले, "तू जा कामाला. मी समजूत घालतो आणि करतो." वन्सं, लग्न झाल्यापासून या माणसाने इस्त्री हातात धरलेली मी पाहिली नाही! माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. संध्याकाळी आले तर बाबा खुर्चीत आणि इस्त्री कपाटात. "नाही निघालं," म्हणाले. बाबांकडे पाहिलं तर ते छताकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. बाबा खिडकीत उभे होते! खुर्ची जागच्या जागी, आणि खुर्चीपासून बाबांपर्यंत तुमचा पापुद्रा ताणलेला, ओलं धोतर वाळत घालावं तसा. खाली रस्त्यावर दोन रिक्षावाले भांडत होते ते त्यांनी निवांत पाहून घेतलं. मग पाय घसरत घसरत मागे. थप्प! चष्मासुद्धा हलला नाही. म्हणाले, "सूनबाई, चूक त्या डाव्या बाजूच्याची होती."

आता हे रोजचंच झालंय. न्हाणीघर आवाक्यात आहे, जेवणाचं टेबल आहे, स्वयंपाकाच्या ओट्याला हात लागतो. नाही तो फक्त जिना. दाराच्या उंबऱ्याशी ताण संपतो आणि बाबा परत येतात. गॅलरीही नाही. बघायला लोक येतात, आणि एवढं ताणूनही पँट उसवली नाही हे पाहून आपल्या पँटी शिवायला टाकून जातात! चादरीतून मशीन पुन्हा बाहेर निघालं. खालचा चपलावाला विचारत होता, तळव्यांसाठी थोडा गोंद मिळेल का.

मला मात्र हसू येत नाही. चिकटलेल्या म्हाताऱ्याला टाकून जाऊ कशी? आणि घेऊन जाऊ कशी? रुग्णालयाला काहीतरी थाप मारून मुदत मागितली. १ मार्चपर्यंत थांबतो म्हणाले, पुढे एक दिवस नाही. दुसरी उमेदवार तयारच आहे. तुमचे दादा म्हणाले, "तुला जायचं तर जा गं. बाबांचं काय व्हायचं ते होईल. मी कुठे नाही म्हणतो?" इतकं गोड बोलले की माझा पाय आणखीच जड झाला.

तुमची वहिनी

---

२४ जानेवारी

चिमे,

गोंदाचा आणखी एक डबा पाठव. त्याच खेपेतला. गॅलरीच्या भिंतीला कमी पडला. वहिनीला लिहू नकोस, भिंत करून तिला चकित करायचं आहे. माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठव.

बाकी ठीक. थंडी बरी आहे.

दादा

---

२ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचत होते आणि "खिडकीत" या शब्दाशी साहेब मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "किती फुटांवर आहे खिडकी?"

त्यांनी पत्र अख्खं वाचून घेतलं, रागावू नकोस. मग नापास खेपेचं पिंप कोपऱ्यातून मधे आणवलं, पुसून घेतलं, त्याच्यावर माझं नाव लिहिलं. आमच्या यंत्रावर आम्ही बोटभर पट्टी ताणून पाहतो, अख्खा माणूस रोज ताणून आजवर कोणी पाहिला नाही. दर वेळी तो पूर्ण परत येतो का? थंडीच्या दिवशी आवाका कमी होतो का? दुपारपेक्षा सकाळी जास्त चिकटतो का? हे साहेब विचारतायत, मी नाही. बाबांचं वजनही विचारलंय, जेवणाआधीचं आणि नंतरचं.

आणि असंही म्हणाले, "तुमच्या वडिलांना अजून महिनाभर तसंच ठेवता येईल का? तुमच्या बढतीचं आपण मग बोलू." मी म्हटलं, विचारून पाहते. वहिनी, मी फक्त विचारतेय हं.

इस्त्रीने कसा निघाला नाही हे मात्र मला कळत नाही. निघायलाच हवा. दादाने बहुतेक थंड इस्त्री फिरवली असेल. त्याला विचार, बटण चालू केलं होतं का.

तुझी नणंद

---

११ फेब्रुवारी

वन्सं,

वजन विचारताय होय? सासऱ्यांना काट्यावर ठेवू? लेकीला बढती, मुलाला गरम चहा, सासऱ्यांना घरबसल्या गिऱ्हाईक आणि सुनेच्या हाती धुपाटणं! तुमच्या साहेबांना सांगा, त्यांनी स्वतःचे वडील चिकटवून घ्यावेत. एवढे डबे आहेत पदरी.

रागावले आहे. पुढचं वाचा किंवा वाचू नका.

बर्फ लावून पाहिला. गोंद तसाच वाकत राहिला आणि बाबांना सर्दी झाली. रोज सकाळी मी खुर्ची बघते, वाटतं आज तरी कडेने सुटला असेल. कुठलं काय! रोज सकाळी कड पांढरीशुभ्र, घट्ट, जणू आजच लावलाय. दुपारी कुठे जरा काचेसारखा दिसायला लागतो. तुमच्या दादांना म्हटलं, बघा तरी एकदा, तर म्हणाले, "अगं, नशिबात नसेल." नशीब म्हणे! मी ज्या बायकांना गेली इतकी वर्षं दात करून दिले त्या म्हाताऱ्या माझ्या हातच्या दातांनी ऊस खातात. माझं नशीब चांगलंच आहे, फक्त ते खुर्चीला चिकटलंय.

डोकंही ठिकाणावर नाही. काल बाबांचा चष्मा गॅलरीत सापडला. ते तिथवर पोचत नाहीत, म्हणजे मीच कधीतरी ठेवला असणार.

ठरवलं आहे मी. रुग्णालयाला नकार कळवते. पत्र लिहून झालंय, तिकीट लावायचं तेवढं राहिलंय. तिकिटाला मात्र तुमचा गोंद वापरणार नाही.

वहिनी

---

१५ फेब्रुवारी

वहिनी,

तिकीट लावू नकोस!

तुझं एक वाक्य मी वाचलं, परत वाचलं, आणि साहेबांना न सांगता टपालात हे पत्र टाकायला धावले. "रोज सकाळी कड पांढरीशुभ्र." वहिनी, सुकलेला गोंद पांढरा नसतो. सुकला की तो आरपार दिसतो. पांढरा म्हणजे ओला. ओला म्हणजे त्याच सकाळी लावलेला. महिन्यापूर्वी लावलेला गोंद आज पांढरा दिसणं शक्यच नाही. तुझ्या घरात रोज सकाळी, तू उठायच्या आत, कोणीतरी बाबांच्या खुर्चीला नवा हात देतंय.

कोण, ते मी कसं सांगू? पण खुर्चीजवळ चोवीस तास असतं कोण? वहिनी, माझे वडील आहेत, तरी लिहावंच लागतंय. तू गेलीस की त्यांच्या हातावर चहाचा कप कोण ठेवणार, ही भीती असेल. म्हातारपणी माणूस लहान होतं. तू त्यांना ओरडू नकोस. पण उद्या लवकर ऊठ आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

आणि मला माफ कर. वजनाचं विचारायला नको होतं.

तुझी,
चिमी

---

२० फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र संध्याकाळी आलं. ओरडू नकोस म्हणालात, तरी ओरडले. बाबांसमोर उभी राहून म्हटलं, "मला जाऊ द्यायचं नव्हतं तर तोंडाने सांगायचं होतंत! मी तुम्हाला वडिलांच्या जागी मानलं आणि तुम्ही रोज पहाटे गोंद लावून माझी नोकरी बुडवताय? एवढं काय वाकडं केलं मी तुमचं?" बाबांनी शिवण थांबवली. सुई हातात तशीच. माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे पाहिलं. हे वर्तमानपत्र वाचत होते, उलटं. बाबा हळूच म्हणाले, "यासाठी होतं होय ते?" आणि परत सुईत दोरा ओवायला लागले. मला वाटलं, म्हातारा वेड पांघरतोय.

सकाळी दिवस उगवायच्या वेळेला उठले आणि दाराआडून बघत राहिले.

आणि वन्सं, तुमचे दादा! एका हातात ब्रश, एका हातात वाटी. खुर्चीपाशी उकिडवे बसून अगदी मन लावून कडेकडेने हात देतायत. देवघरातसुद्धा या माणसाने एवढी एकाग्रता दाखवली नाही. शेजारी मीटर-वाचनाची पिशवी, आणि पिशवीतून डोकावतोय डबा. दुसरा! त्याच्यावर तुमचं अक्षर! तुमच्याशी मी नंतर बोलणार आहे.

मी पुढे झाले. यांनी मान वर केली. ब्रश तसाच हवेत. मला इतकं बोलायचं होतं की घशात गर्दी झाली. पण काय करू, चहा व्हायचा होता! नवऱ्याला रंगेहाथ पकडलंय आणि मी मुकाट्याने आधण ठेवायला वळले. सवय, वन्सं, सवय! हेही बोलेनात. आम्ही दोघं आपले मुक्यासारखे उभे, आणि मधे खुर्चीत डोळे मिटलेले बाबा.

मग टक्, टक्, टक् असा आवाज झाला. हूक सुटल्याचा. बाबांनी डोळे उघडले आणि उठून उभे राहिले. ताण नाही, थप्प नाही, काही नाही. पँटीच्या मागच्या बाजूचा एवढा तुकडा खुर्चीवर राहिला, आणि बाबा त्यांच्या लांब शर्टात मोकळे! चार पावलं चालले, उंबऱ्यापलीकडे गेले, परत आले. यांच्यासमोर उभे राहिले आणि बोलले. चहाआधी! माझ्या माहितीत या घरात पहिल्यांदा.

म्हणाले, "बैस."

एवढंच. आणि वन्सं, तुमचे दादा बसले! त्या ओल्या खुर्चीवर, स्वतःच्या हाताने लावलेल्या ताज्या गोंदावर, शाळेत नापास झालेल्या पोरासारखे मान खाली घालून. मी चहा केला. बाबांनी घेतला, यांनी घेतला, मी घेतला. चहा संपेपर्यंत तुमचा गोंद आपलं काम करून मोकळा झाला होता.

मग मी बोलायला तोंड उघडलं, तर हे म्हणाले, "अगं, तुला जायचं तर जा. मी कुठे नाही म्हणतो?"

मी नकाराचं पत्र फाडलं, मशीन परत चादरीत बांधलं. उद्याच्या गाडीने निघतोय, मी आणि बाबा. यांच्या काळजीचं कारण नाही. ओट्याला हात लागतो.

तुमची वहिनी

---

२२ फेब्रुवारी
गाडीतून

चिमे, बाळ,

गाडी हलतेय, अक्षर हलतंय, समजून घे.

सूनबाईने तुला सगळं लिहिलंच असेल. ती विचारते, मोकळे होतात तर इतके दिवस बसलात कशाला? तिला मी काहीबाही सांगितलं. तुला खरं सांगतो.

चिकटलो त्याच आठवड्यात मी आतून शिवण सोडवून हूक लावून घेतले होते. स्वतःची शिवण उसवायची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली. घरी कोणी नसताना गॅलरीत जाऊन बसायचो. उठून सांगणारच होतो की झालं, निघू या. पण त्याच सुमाराला एका पहाटे जाग आली तर तुझा दादा माझ्या पायाशी बसलेला. हातात ब्रश. मी डोळे मिटून घेतले.

बाळ, तो मिशा फुटल्यापासून माझ्याजवळ असा बसला नव्हता. येता जाता "बाबा, औषध घेतलं?" एवढंच आमचं बोलणं. आणि आता रोज पहाटे यायचा, जवळ बसायचा, त्याचा श्वास ऐकू यायचा. मला वाटलं, पोराला गाव सोडायचं नाही, बापाला या खुर्चीतून हलवायचं नाही, तोंडाने सांगता येत नाही म्हणून असं करतोय. माझ्यासाठी करतोय. मला फार बरं वाटायचं गं. त्यासाठी मी आणखी वर्षभर चिकटून राहिलो असतो. त्याने इस्त्री तापवलीच नाही हे माहीत असूनही मी छताकडे पाहत बसलो.

मग सूनबाई माझ्यावर कडाडली आणि मला कळलं की तो मला नव्हता धरून ठेवत. मी नुसता मधला थर होतो. बापाला चिकटवायचं, म्हणजे बायको आपोआप चिकटते. तेव्हा मात्र मला लाज वाटली. त्याची नाही, माझी. माझ्या दातांकडे बघ, तिच्या हातचे आहेत, आणि तिची वाट मी माझ्या बुडाखाली धरून बसलो होतो.

त्याला बसवून आलोय. चहाआधी बोललो त्याबद्दल वाईट वाटत नाही. तो नियम कात्रीसाठी केला होता, माणसांसाठी नाही.

बाबा

---

९ मार्च

वन्सं,

नव्या टेबलावरून पहिलं पत्र तुम्हाला. खण आहे, किल्ली आहे, खणात सध्या एक वरची कवळी आणि माझा जेवणाचा डबा आहे. बाबांनी आठवड्यात शेजाऱ्यांच्या चार पँटी मिळवल्या.

तुमच्या दादांची पत्रं यायची. पहिलं: "चहात आधी साखर की आधी पत्ती?" दुसरं: "आधण कधी आलं हे कसं ओळखतात?" तिसरं: "ओट्यापर्यंत पोचतो, पण ढवळेपर्यंत परत ओढला जातो." मी एकालाही उत्तर दिलं नाही. बाबा म्हणाले, "ताणू दे. तुटायचा नाही."

आज सकाळी मी विभागाचं दार उघडत होते, अजून पहिला चहा व्हायचा होता, तेवढ्यात जिन्यात धडपड ऐकू आली. पहारेकरी ओरडत होता, "अहो, फर्निचर मागच्या दाराने!" वर आले ते तुमचे दादा. पाठीला खुर्ची. खुर्चीच्या पायांना आपल्या बैठकीतल्या चार फरश्या! रात्रभर गाडीत तसेच बसून आले म्हणे. तिकीट तपासनीसाने आधी दंड करायचं ठरवलं होतं, मग माणसाकडे बघून त्याने पाणी पाजलं.

माझ्या हाताखालच्या सगळ्या जणी हातातल्या कवळ्या हातातच ठेवून बघत होत्या. मी म्हटलं काहीच नाही, चहा व्हायचा होता. पण वन्सं, हे बोलले! सगळ्यांसमोर, चहाआधी, घामाघूम, खुर्चीसकट.

"मी नाही म्हणत होतो," म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. तोंडाने हो म्हणत होतो आणि मनात नाही म्हणत होतो. तू गेलीस तर मला कोणी विचारणार नाही याची भीती वाटत होती. हे तुला सांगायचं सोडून मी बाबांना गोंद लावला."

मी विचारायला नको होतं, नियम होता, पण विचारलंच. "इस्त्री होती ना घरात? वन्संनी कृती लिहून पाठवली होती. पाच मिनिटांचं काम."

"होती," म्हणाले. "पण सुटून आलो असतो तर परत काहीतरी गोड बोललो असतो."

मग त्यांनी काखेतल्या पिशवीतून थर्मास काढला, त्याच्या झाकणात चहा ओतला आणि माझ्यापुढे धरला. स्वतः केलेला. पाणचट, पत्ती वर तरंगतेय, साखर विसरलेली. आयुष्यात या माणसाने मला दिलेला पहिला कप. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि झाकण खाली ठेवलं.

आणि मग, वन्सं, मी बोलायला लागले. दुपार झाली, अजून निम्मंसुद्धा झालेलं नाही. हे विभागाच्या मधोमध खुर्चीवर बसून ऐकतायत, जाणार कुठे? बाबा घरून इस्त्री घेऊन आले आहेत, दारात उभे राहून खुणेने विचारतायत, लावू का तापत?

मी मान हलवून नाही म्हटलं. आधी माझं बोलून होऊ दे.

तुमची वहिनी